एकाच जागेसाठी दोन मते

अमेरिकेची नागरिक झाल्यानंतर माझे पहिले मत मी नोव्हेंबर २००४ मध्ये दिले. इलिनॉय राज्यातून सिनेटवर पाठवायच्या एका जागेसाठी त्या वर्षी बराक ओबामा उभे होते आणि सुमारे ७० टक्के मते मिळवून ते निवडून आले. सिनेटरची मुदत सहा वर्षांची असते, म्हणजे माझ्यासारख्या लाखो मतदारांनी त्यांना ३ जानेवारी २००५ ते ३ जानेवारी २०११ या काळासाठी पाठवले होते. प्रत्यक्षात ४ नोव्हेंबर २००८ रोजी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि त्यानंतर दोन आठवडेही उलटण्याआधी, रविवार, १६ नोव्हेंबर रोजी, त्यांनी सिनेटची जागा सोडली. त्या जागेचे पुढे दोन वर्षे जे झाले, ते मी आधी मतदार म्हणून आणि शेवटी मतदान केंद्रावर काम करणारी अधिकारी म्हणून जवळून पाहिले.

राजीनामा देणे त्यांना भागच होते. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे सरकारात पद धारण करणाऱ्या व्यक्तीला काँग्रेसच्या, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून बनलेल्या इथल्या संसदेच्या, कोणत्याही सभागृहाचे सदस्य राहता येत नाही. मात्र शपथविधी २० जानेवारीला होता आणि तोपर्यंत सिनेटर राहण्यास त्यांना कोणतीही आडकाठी नव्हती. त्यांच्याआधी सिनेटमधून थेट राष्ट्राध्यक्षपदावर गेलेले दोघेच होते. जॉन केनेडी यांनी २२ डिसेंबर १९६० रोजी राजीनामा दिला, तर वॉरन हार्डिंग यांनी जानेवारी १९२१ पर्यंत वाट पाहिली, कारण तोपर्यंत ओहायो राज्याच्या गव्हर्नरपदी, म्हणजे लोकनियुक्त प्रमुखपदी, त्यांचेच पराभूत प्रतिस्पर्धी जेम्स कॉक्स होते आणि रिकाम्या जागेवर नेमणूक करण्याचा अधिकार कॉक्स यांच्या हाती जाऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. खुद्द २००८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या जो बायडेन यांनी डेलावेअरची जागा १५ जानेवारी २००९ पर्यंत सोडली नाही. ओबामांनी मात्र घाई केली, आणि ती मला त्या वेळीही योग्य वाटली होती. नोव्हेंबरच्या मध्याला सिनेटचे अधिवेशन पुन्हा भरणार होते. जो माणूस नवे मंत्रिमंडळ जुळवण्यात गुंतला आहे, त्याने सभागृहातील खुर्ची नावापुरती अडवून ठेवण्यात कोणाचेच हित नव्हते. त्यांनी इलिनॉयच्या जनतेला उद्देशून लिहिलेले निरोपाचे पत्र राज्यातील वर्तमानपत्रांत छापून आले होते. १८६१ मध्ये स्प्रिंगफील्ड सोडून वॉशिंग्टनला निघालेल्या लिंकन यांची आठवण त्यात होती. आमच्या घरी ते पत्र मोठ्याने वाचले गेले आणि ते वाचताना अभिमान वाटला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

अभिमानापाठोपाठ एक साधा प्रश्न मनात आला. आम्ही दिलेल्या सहा वर्षांपैकी दोन वर्षांहून थोडा अधिक काळ शिल्लक होता. त्या काळासाठी आमचा सिनेटर कोण आणि ते कोण ठरवणार?

माझे बालपण आणि शिक्षण महाराष्ट्रात झाल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी गृहीत धरले होते. खासदार विधानसभेवर निवडून आला, तर राज्याची जागा १४ दिवसांच्या आत न सोडल्यास त्याची संसदेतील जागा रिकामी होते. आणि लोकसभेची किंवा विधानसभेची कोणतीही जागा रिकामी झाली, की साधारणपणे सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक लागते, हे आपल्याकडे गल्लीतल्या कार्यकर्त्यालाही ठाऊक असते. इलिनॉयमध्येही तसेच काही होईल, असे मला वाटले होते. चौकशी केल्यावर कळले की अमेरिकेत प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांच्यासाठी नियम वेगवेगळे आहेत. प्रतिनिधिगृहाची जागा रिकामी झाली, तर निवडणुकीशिवाय ती भरताच येत नाही. सिनेटच्या बाबतीत मात्र १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने राज्यांना अशी मुभा दिली आहे की लोक निवडणुकीने जागा भरेपर्यंत गव्हर्नरने तात्पुरती नेमणूक करावी. राज्याचा कारभार चालवणारा हा लोकनियुक्त प्रमुख त्या वेळी रॉड ब्लागोयेविच होता.

या घटनादुरुस्तीशी इलिनॉयचे नाते जुने आहे. १९१३ पूर्वी सिनेटर लोक निवडत नसत. राज्याची विधिमंडळे निवडत असत. १९०९ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने विल्यम लॉरिमर यांना सिनेटवर पाठवले. त्यासाठी आमदारांना लाच दिली गेल्याचे प्रकरण पुढे उघडकीस आले आणि १९१२ मध्ये सिनेटने त्यांची निवडच रद्द ठरवली. सिनेटर थेट लोकांनी निवडावेत या मागणीला त्या प्रकरणाने मोठे बळ मिळाले. म्हणजे सिनेटच्या जागेचा बाजार मांडता येऊ नये म्हणून जी दुरुस्ती झाली, तिला कारणीभूत ठरलेल्या राज्यांत आमचे राज्य पुढे होते. हे सारे मी २००८ च्या नोव्हेंबरअखेरीस सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचले, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या वाचनाचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहिला.

९ डिसेंबरच्या पहाटे ब्लागोयेविचला केंद्रीय तपास यंत्रणेने त्याच्या घरातून अटक केली. सिनेटच्या रिकाम्या जागेच्या बदल्यात स्वतःसाठी पद, पैसा किंवा निवडणूक निधी मिळवण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप त्याच्यावर होता आणि त्याची दूरध्वनीवरील संभाषणे ध्वनिमुद्रित झालेली होती. त्या दिवशी कार्यालयात कोणाचे कामात लक्ष नव्हते. मला राग येण्याचे कारण वेगळे होते. तो ज्याचा सौदा करू पाहत होता, ती वस्तू त्याच्या मालकीची नव्हती. ओबामांनी सोडलेली जागा ओबामांचीही नव्हती; ती इलिनॉयच्या मतदारांची होती आणि तिची उरलेली मुदतही त्यांचीच होती.

त्या आठवड्यात आमचे दुसरे सिनेटर डिक डर्बिन यांनी विशेष निवडणुकीची मागणी केली. मीही आमच्या भागाच्या राज्य प्रतिनिधीला पत्र लिहिले, कार्यालयात दूरध्वनी केला आणि माझ्या ओळखीच्या मराठी व गुजराती कुटुंबांनाही तसे करायला सांगितले. उत्तरादाखल आभाराचे छापील पत्र आले. विधिमंडळात हालचाल झाली खरी, परंतु निवडणुकीचा खर्च आणि जागा दुसऱ्या पक्षाकडे जाण्याची भीती या दोन कारणांनी ती मागणी हळूहळू विरून गेली. त्याच वेळी रॅम इमॅन्युएल हेही ओबामांबरोबर व्हाइट हाऊसमध्ये जाण्यासाठी शिकागोतील प्रतिनिधिगृहाची जागा सोडत होते. त्यांच्या मतदारसंघात ७ एप्रिल २००९ रोजी विशेष निवडणूक झाली आणि माइक क्विग्ली निवडून आले. खर्च तिथेही झालाच. एका मतदारसंघातील लोकांना जे जानेवारी ते एप्रिल या काळात मिळाले, ते साऱ्या राज्यातील लोकांना दोन वर्षांनी मिळाले, आणि तेही न्यायालयात जावे लागले म्हणून.

मधल्या घटना थोडक्यात सांगते. अटकेनंतर जामिनावर सुटलेल्या ब्लागोयेविचने ३० डिसेंबरला राज्याचे माजी महाधिवक्ता रोलंड बरिस यांची नेमणूक जाहीर केली. राज्याचे सचिव जेसी व्हाइट यांनी नियुक्तीच्या प्रमाणपत्रावर सही करायला नकार दिला आणि ६ जानेवारीला बरिस सिनेटमध्ये गेले, तेव्हा कागदपत्रे पूर्ण नाहीत म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. ९ जानेवारीला इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमणूक वैध होण्यासाठी त्या सहीची गरज नाही, असा निर्णय दिला. त्याच दिवशी राज्याच्या प्रतिनिधिगृहाने ब्लागोयेविचवर ११४ विरुद्ध १ मतांनी महाभियोग मंजूर केला. १५ जानेवारीला बरिस यांचा शपथविधी झाला. २९ जानेवारीला राज्याच्या सिनेटने ५९ विरुद्ध ० मतांनी ब्लागोयेविचला पदावरून दूर केले आणि पॅट क्विन गव्हर्नर झाले. ओबामांच्या राजीनाम्यापासून बरिस यांच्या शपथेपर्यंत दोन महिने इलिनॉयला एकच सिनेटर होता, आणि मोटार कंपन्यांना आर्थिक साहाय्य देण्याच्या प्रस्तावावर सिनेटमध्ये मतदान झाले ते याच काळात.

बरिस यांच्याविषयी मला कडवट बोलायचे नाही. ते कायद्याने नेमलेले सिनेटर होते, त्या वेळी संपूर्ण सिनेटमध्ये ते एकमेव कृष्णवर्णीय सदस्य होते, आणि २४ डिसेंबर २००९ रोजी आरोग्य विमा सुधारणेचे विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत झाले, त्या साठांपैकी एक मत त्यांचे होते. त्या विधेयकाच्या बाजूची मी होते. तरीही मनाला हे बोचत होते की इतक्या मोठ्या निर्णयात आमच्या राज्याचे एक मत अशा व्यक्तीने दिले, जिला आम्ही त्या जागेसाठी कधी निवडले नव्हते. निकाल आपल्या मनासारखा लागला म्हणून अधिकाराचा प्रश्न मिटत नाही.

हाच प्रश्न २००९ मध्ये दोन सामान्य मतदारांनी केंद्रीय न्यायालयात नेला. जागा निवडणुकीने भरली जावी यासाठी गव्हर्नरने आदेश काढला पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. पहिल्या पायरीवर त्यांना यश आले नाही. राज्याची भूमिका अशी होती की नोव्हेंबर २०१० मध्ये या जागेची नेहमीची निवडणूक होणारच आहे, निवडून येणारा सिनेटर जानेवारीत रुजू होईल आणि तोपर्यंत नेमलेली व्यक्ती काम पाहील. वरवर पाहता ही भूमिका व्यवहाराला धरून वाटते. तिचा परिणाम मात्र असा होणार होता की ओबामांच्या मुदतीतील उरलेल्या काळासाठी लोकांचा कौल कधीच घेतला जाणार नव्हता. २०१० ची निवडणूक पुढच्या सहा वर्षांची होती, मागच्या रिकाम्या काळाची नव्हती.

जून २०१० मध्ये शिकागो येथील सातव्या सर्किटच्या, म्हणजे इलिनॉय ज्या विभागात येते तिथल्या केंद्रीय, अपील न्यायालयाने न्यायाधीश डायन वुड यांच्या निकालपत्रात घटनेचा अर्थ मतदारांच्या बाजूने लावला. मी कायद्याची अभ्यासक नाही, परंतु ते निकालपत्र मी मिळवून शब्दकोश जवळ ठेवून वाचले. त्यातील मुख्य मुद्दा समजायला अवघड नव्हता. सतराव्या दुरुस्तीत आधी आज्ञा आहे आणि मग मुभा आहे: जागा रिकामी झाली की गव्हर्नरने निवडणुकीचा आदेश काढलाच पाहिजे, ही आज्ञा, आणि लोक ती जागा भरेपर्यंत तात्पुरती नेमणूक करता येईल, ही मुभा. मुभेचा उपयोग करून आज्ञाच टाळता येत नाही. उरलेला काळ किती, यावर मतदाराचा अधिकार अवलंबून नाही. जुलैअखेरीस गव्हर्नर क्विन यांनी आदेश काढला आणि ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायालयाने तपशील ठरवून दिला: विशेष निवडणूक २ नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबरच होईल आणि नियमित मुदतीसाठी जे उमेदवार आहेत तेच या अल्प मुदतीसाठीही असतील. बरिस यांना आपले नाव त्या यादीत हवे होते, पण ते मान्य झाले नाही.

माझ्या अनुभवाचा गाभा इथून सुरू होतो, कारण त्या वर्षी मी इलेक्शन जज म्हणून काम करण्यासाठी नाव दिले होते. मतदान केंद्र चालवणाऱ्या सामान्य नागरिकांना इथे हे नाव आहे. प्रत्येक केंद्रावर दोन्ही प्रमुख पक्षांचे लोक असावेत असा नियम असल्यामुळे अर्जातच आपला पक्ष सांगावा लागतो. प्रशिक्षण वर्गात आम्हाला यंत्रे उघडणे, मतपत्रिकेवर आद्याक्षरे घालणे, नाव यादीत नसलेल्या मतदाराला तात्पुरती मतपत्रिका देणे हे सारे शिकवले गेले. पण सर्वाधिक प्रश्न विचारले गेले ते सिनेटच्या दोन चौकटींवर. एकाच मतपत्रिकेवर एकाच जागेसाठी मार्क कर्क, अलेक्सी जिआनुलियास आणि इतर उमेदवार दोनदा छापलेले असणार होते. एका चौकटीतील मत ३ जानेवारी २०११ पासूनच्या सहा वर्षांसाठी होते आणि दुसऱ्या चौकटीतील मत निकालानंतर त्या तारखेपर्यंत उरणाऱ्या काही आठवड्यांसाठी. दोन्हीकडे मत देता येते, एकीकडेच देता येते, दोन्हीकडे वेगवेगळ्या उमेदवारांना देता येते, आणि उमेदवारांविषयी आपण एक अक्षरही बोलायचे नाही, असे आम्हाला बजावले होते.

मतदानाच्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही एका शाळेच्या व्यायामशाळेत जमलो, शपथ घेतली, यंत्रांतून शून्य मतांचे पत्रक छापून काढले आणि त्यावर सह्या केल्या. सहा वाजता दार उघडले. पहिला तास संपण्याआधीच तो प्रश्न आला आणि संध्याकाळी सातपर्यंत येतच राहिला. कोणाला छपाईत चूक झाल्याची खात्री वाटत होती. कोणी एकीकडेच खूण करून परत येत असे आणि दुसरी चौकट का आहे हे विचारत असे. एका तरुणाने मला विचारले की काही आठवड्यांच्या सिनेटरसाठी एवढा खटाटोप कशाला. मी त्याला मुदती समजावून सांगितल्या, मत व्यक्त करण्याची मला परवानगी नव्हती.

शिकागो शहर ज्यात येते त्या कुक परगण्यात हिंदी मतपत्रिका २०१२ पासून मिळू लागल्या. त्या दिवशी इंग्रजी, स्पॅनिश आणि चिनी याच भाषांची सोय होती. त्यामुळे आमच्या उपनगरातील भारतीय ज्येष्ठ मंडळी माझ्या टेबलाकडे येत होती. त्यांच्यात सोलापूरकडचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी मतपत्रिका माझ्यासमोर धरली.

“ताई, हे नाव दोनदा छापलंय. दोन्हीकडे खूण केली तर माझं मत बाद तर नाही ना होणार?”

“नाही काका. एका चौकटीत एकच खूण करा, म्हणजे झालं. या दोन वेगळ्या निवडणुका आहेत. ही सध्याच्या मुदतीचे जे थोडे दिवस राहिलेत त्यांच्यासाठी, आणि ही पुढच्या सहा वर्षांसाठी.”

ते थोडा वेळ विचारात पडले. “आपल्याकडे वर्षाच्या आत मुदत राहिली असेल, तर पोटनिवडणूक घेतच नाहीत,” ते म्हणाले. नोकरीत असताना निवडणुकीच्या ड्यूटीवर त्यांनी अनेकदा काम केले होते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. भारतातील कायद्यात तशी सूट आहे. “इथं दोन महिन्यांसाठीही विचारतायत म्हणजे चांगलंच आहे की.” दोन्ही चौकटी भरून त्यांनी मतपत्रिका यंत्रात सरकवली. आम्ही मराठीत काय बोललो, ते मी शेजारच्या, दुसऱ्या पक्षाच्या सहकारी बाईंना लगेच इंग्रजीत सांगितले, कारण केंद्रावर कोणाच्याही मनात शंका राहू नये ही माझी जबाबदारी होती.

त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नरला मुदतीच्या मध्येच परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना देणारी राज्यघटनेची दुरुस्तीही होती. ब्लागोयेविच प्रकरणातूनच ती पुढे आली होती आणि ती मंजूर झाली. ब्लागोयेविचला त्या ऑगस्टमध्ये एका आरोपाखाली दोषी ठरवण्यात आले होते. पुढच्या वर्षीच्या फेरसुनावणीत जागेच्या सौद्यासंबंधीचे आरोपही सिद्ध झाले आणि त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. ती शिक्षा २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी कमी केली.

सिनेटच्या दोन्ही निवडणुका मार्क कर्क यांनी जिंकल्या. नियमित मुदतीसाठी त्यांचे मताधिक्य साठ हजारांच्या आतच होते, आणि अल्प मुदतीच्या चौकटीत एकूण मतेही कमी पडली. अनेकांनी ती कोरी सोडली होती. माझी दोन्ही मते त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला गेली होती. ओबामांची जागा रिपब्लिकन पक्षाकडे गेली याचे दुःख मला झाले, पण ती आमच्या मतांनी गेली होती, आणि २९ नोव्हेंबरला कर्क यांनी शपथ घेतली तेव्हा ते आमचे सिनेटर आहेत हे मान्य करायला मला कोणतीही अडचण वाटली नाही.

ते काही आठवडे रिकामे गेले नाहीत. १८ डिसेंबरला समलिंगी सैनिकांना आपली ओळख लपवायला लावणारा नियम रद्द करण्याचे विधेयक सिनेटने ६५ विरुद्ध ३१ मतांनी संमत केले. स्वतःच्या पक्षातील बहुसंख्यांविरुद्ध जाऊन कर्क यांनी त्याच्या बाजूने मत दिले. त्याच दिवशी, लहानपणी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आणल्या गेलेल्या मुलांना कायदेशीर स्थान देऊ पाहणारे विधेयक ५५ मते मिळूनही पुढे सरकले नाही, कारण त्याला ६० मते हवी होती. तिथे कर्क विरोधात होते. मतदान केंद्रावरच्या त्या तरुणाला मला जे सांगता आले नव्हते, ते या दोन मतांत होते.

पुढे कमला हॅरिस उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी सोडलेल्या कॅलिफोर्नियाच्या जागेवर गव्हर्नरने अलेक्स पडिया यांना नेमले. सतराव्या दुरुस्तीचा अर्थ लक्षात घेऊन कॅलिफोर्नियाने मग आपला कायदा बदलला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथेही सिनेटच्या एकाच जागेसाठी दोन चौकटी छापल्या गेल्या. कॅलिफोर्नियात मतपत्रिका टपालाने घरी येते. फ्रीमाँटला राहणाऱ्या माझ्या भाचीने ती समोर ठेवून मला दूरध्वनी केला. “मावशी, पडिया आणि त्यांच्या विरोधातला उमेदवार, दोघांचीही नावं दोनदा आहेत. कुठली चौकट भरायची?” मी तिला मुदतींच्या तारखा सांगितल्या, हॅरिस यांच्या राजीनाम्यापासून काय घडत गेले ते सांगितले, आणि दोन्ही चौकटी भरून मगच पाकीट बंद करायला सांगितले.